मुळा-मुठेतल्या माशांची तब्येत कशी तपासायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग, नदीवर काम करणारे गट आणि काठावर मासेमारी करणारी भोई मंडळी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. उदाहरणं पुण्यातली आहेत, पण पद्धत कुठल्याही मैलापाणी मिसळणाऱ्या नदीला लागू पडते.

पुलावरून खाली बघितलं की मासे दिसतात. म्हणजे नदी अजून बरी आहे ना?

नाही. कोणते मासे दिसतात ते आधी बघा. संगमवाडी ते मुंढवा या पट्ट्यात उथळ पाण्यात जे थवे फिरताना दिसतात त्यात चिलापी आणि गप्पी यांचा भरणा असतो. दोन्ही परदेशी, दोन्ही कमी ऑक्सिजनमध्ये तग धरणारे. मांगूर आणि मरळ तर पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला ऑक्सिजन घेतात, त्यामुळे पाणी जवळजवळ मेलेलं असलं तरी ते जगतात. उलट दख्खनी महसीर, ज्याचं शास्त्रीय नाव टोर खुद्री, त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन ब्रिटिश लष्करातले निसर्ग अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केलं ते पुण्याच्या पूर्वेकडच्या याच मुळा-मुठेतल्या माशावरून. आज तो मासा तिथे शोधायला जाऊन बघा. नदीत मासा असणं आणि मासा निरोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणी करायची ती दुसरीची, आणि तीही नेहमी तुलनेने.

तुलना कशाशी करायची? स्वच्छ नदी आणायची कुठून?

इथेच बहुतेक अभ्यास फसतात. खडकवासला धरणातला मासा आणि बंडगार्डनजवळचा मासा यांची तुलना करून ‘प्रदूषणाचा परिणाम’ असा निष्कर्ष काढला जातो. पण धरणाचं पाणी साचलेलं, खोल आणि थंड. तिथलं खाद्य वेगळं, तिथे सोडलेलं मत्स्यबीजही वेगळं. फरक निघणारच, त्यातला प्रदूषणामुळे किती ते कळणार नाही.

निदान तीन ठिकाणं घ्या: शहराच्या वरचा वाहता भाग, शहराच्या मधला आणि शहराच्या खालचा. वरच्या भागासाठी मुळशीखालची मुळा किंवा टेमघर बाजूची मुठा चालते. मधल्यासाठी संगमाच्या आसपास, खालच्यासाठी मांजरी ते थेऊर. आणखी खाली जायचं तर नदी रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळण्याआधीचा टप्पा घ्या. खडकवासल्याच्या लगेच खालची मुठा मात्र टाळा. पावसाळा सोडला तर धरणाचं बरंचसं पाणी कालव्यात जातं आणि पात्रात थोडी डबकी उरतात. त्या माशांवर पाणी कमी असल्याचाच ताण असतो. तिन्ही ठिकाणी पाण्याची खोली, वेग आणि तळ (खडक, वाळू की गाळ) शक्य तितके सारखे निवडा, आणि प्रत्येक ठिकाणाच्या वर किती अंतरावर नाला मिळतो ते लिहून ठेवा.

कोणती जात घ्यायची आणि किती मासे?

तिन्ही ठिकाणी मिळेल अशी एकच जात. व्यवहारात ती बहुतेकदा चिलापी ठरते. सोबत तळाशी राहणारी एखादी देशी जात, शिंगाळा किंवा वाम, मिळाली तर फार उत्तम, कारण विषारी द्रव्यं गाळात बसतात आणि गाळात चरणाऱ्या माशात आधी दिसतात.

संख्येचं गणित साधं आहे. एखादा दोष दर शंभरात दहा माशांना असेल, तर तो निदान एका माशात सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास सुमारे ३० मासे बघावे लागतात. शंभरात पाचच असतील तर ६०, आणि दोनच असतील तर जवळपास १५०. म्हणून फक्त बाहेरून तपासायचे मासे ६० ठेवा आणि चिरफाडीचे १५ ते २०. मासे एकाच आकाराचे हवेत, उदाहरणार्थ सगळे १५ ते २० सेंमी. नर-मादी वेगवेगळे नोंदवा.

परवानगी लागते का?

हो. पाणी कुणाच्या ठेक्यात आहे ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी मासेमारी सहकारी संस्थांचा हक्क असतो. मत्स्यव्यवसाय विभागाला लेखी कळवा, आणि संस्थेतर्फे मासे मारून अभ्यास करणार असाल तर प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी घ्या. जातीबद्दल शंका असेल तर नमुना आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रात दाखवता येतो.

मासे पकडायला कोणतं जाळं बरं?

फेकजाळं. रात्रभर लावून ठेवलेलं गिल नेट (पाण्यात उभं लावायचं, माशाला कल्ल्यांपाशी अडकवणारं जाळं) या कामाला वाईट: मासा तासन्‌तास तडफडतो, खवले निघतात, पर फाटतात, आणि नंतर त्या जखमा प्रदूषणाच्या नावावर लागतात. गिल नेटशिवाय इलाजच नसेल तर दर अर्ध्या तासाने उचला. मासे नदीच्याच पाण्याच्या टबात ठेवा, बॅटरीवर चालणारा एअर पंप लावा आणि टब सावलीत ठेवा. एका टबात गर्दी नको. काठावर भोई असतील तर त्यांनाच सोबत घ्या. कोणत्या डोहात काय मिळतं आणि गेल्या काही वर्षांत काय मिळेनासं झालं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

पाण्यात काय मोजायचं?

तापमान, सामू (pH), विरघळलेला ऑक्सिजन, विद्युतवाहकता, एकूण अमोनिया आणि नायट्राइट. एवढं मोजलं तरी माशाच्या अंगावर दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

ऑक्सिजन मोजायची वेळ महत्त्वाची. दुपारी दोनला शेवाळ प्रकाशसंश्लेषण करत असतं, तेव्हा मीटर छान आकडा दाखवतो. तोच डोह पहाटे पाचला मोजा. रात्रभर शेवाळ, जिवाणू आणि मासे सगळेच ऑक्सिजन वापरत असतात, त्यामुळे सूर्योदयाच्या आधी तो तळाला गेलेला असतो. मासा मरतो तो या वेळी. जलपर्णीच्या चादरीखाली तर दुपारीही आकडा वर येत नाही, म्हणून उघडं पाणी आणि जलपर्णीखालचं पाणी वेगवेगळं मोजा. मीटर पुण्याच्या उंचीला जुळवून घ्या. समुद्रसपाटीला २५ अंशाला पूर्ण विरघळलेला ऑक्सिजन लिटरला सुमारे ८.३ मिग्रॅ असतो, पुण्याच्या साधारण ५६० मीटर उंचीवर तो ७.७ च्या आसपास येतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यजीवनासाठीचा ‘ड’ वर्ग असा आहे: ऑक्सिजन लिटरला निदान ४ मिग्रॅ, सामू ६.५ ते ८.५, मुक्त अमोनिया जास्तीत जास्त १.२ मिग्रॅ. यातला अमोनियाचा आकडा आम्हाला फार सैल वाटतो. मुक्त अमोनिया याच्या कितीतरी खाली असला तरी, तो आठवडेच्या आठवडे टिकला तर कल्ल्यांना इजा होते.

प्रयोगशाळा देते तो बहुधा एकूण अमोनिया. त्यातला मुक्त, म्हणजे विषारी भाग सामू आणि तापमानावर ठरतो. २५ अंशाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो, सामू ८.५ ला १५ टक्के, सामू ९ ला ३६ टक्के. म्हणजे एकूण अमोनिया ५ मिग्रॅ असलेल्या पाण्यात सकाळी सामू ७ असताना मुक्त अमोनिया ०.०३ मिग्रॅ, आणि दुपारी शेवाळामुळे सामू ८.५ ला चढला की त्याच पाण्यात ०.७५ मिग्रॅ. सामू न लिहिता नुसता अमोनियाचा आकडा लिहिणं निरुपयोगी आहे.

लांबी-वजनावरून तब्येत कशी काढतात?

लांबीच्या मानाने मासा किती भरलेला आहे ते सांगणारा आकडा म्हणजे कंडिशन फॅक्टर. कंडिशन फॅक्टर = १०० × वजन (ग्रॅम) ÷ लांबीचा घन (सेंमी). २० सेंमी लांब, १५२ ग्रॅमची चिलापी: १०० × १५२ ÷ ८००० = १.९.

लांबीचा घन होत असल्याने लांबीतली चूक तिप्पट होते. हीच चिलापी चुकून २०.५ सेंमी मोजली तर उत्तर १.७६ येतं, म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरने सात टक्क्यांचा फरक पडला. म्हणून मापफळी वापरा, माशाचं तोंड टोकाला टेकवा, तोंड मिटलेलं ठेवा, आणि एकूण लांबी की शेपटीच्या बुडापर्यंतची, ते एकदा ठरवून सगळीकडे तेच ठेवा. वजनाआधी मासा ओल्या फडक्याने हलकेच टिपून घ्या. गाभोळीने भरलेल्या माद्या वेगळ्या काढा. वेगवेगळ्या जातींच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करू नका. वामसारख्या लांबट माशाचा आकडा मुळातच कमी येतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. नाल्याच्या तोंडाशी चिलापीचा कंडिशन फॅक्टर बऱ्याचदा वरच्या स्वच्छ भागापेक्षा *जास्त* निघतो. मैल्यावर शेवाळ आणि किडे पोसले जातात आणि मासा ते खाऊन गुबगुबीत होतो. त्याच माशाचं पोट उघडलं की यकृत फिकट, चरबीने भरलेलं दिसतं. नुसत्या या आकड्यावरून नदीला प्रमाणपत्र देऊ नका.

बाहेरून काय बघायचं?

चार गोष्टी: विकृती (वाकलेला कणा, कल्ल्यावरचं आखूड झाकण), झिजलेले पर, व्रण आणि गाठी. प्रत्येक मासा दोन्ही बाजूंनी बघा. डोळे धुरकट आहेत का, बाहेर आलेत का? खवले उभे राहिलेत का? अंगावर बुळबुळीत थर दाट, पांढरट झालाय का? हा थर दाटला की पाण्यात काहीतरी टोचणारं, जाळणारं आहे हे समजा.

कल्ले पहिल्या मिनिटातच बघा, हवेत ते भराभर फिकट पडतात. झाकण उचलल्यावर निरोगी कल्ला ओल्या कुंकवासारखा लाल आणि दात्यांगणिक सुटा दिसतो. तपकिरी, चॉकलेटी झाक असेल तर नायट्राइटने रक्त बिघडलंय. दाते एकमेकांना चिकटलेले, टोकं जाड झालेली असतील तर दीर्घकाळचा अमोनिया किंवा गाळ.

व्रण दिसला म्हणजे कारखान्याचं पाणी?

घाई करू नका. हिवाळ्यात मरळीच्या अंगावर खोल, लाल, गोल व्रण दिसले तर आधी व्रणकारक साथीचा रोग तपासा. तो अफॅनोमायसिस नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे होतो, भारतात १९८८ पासून आहे, आणि पाणी गार झालं की उफाळतो. मरळीला तो फार चटकन लागतो, चिलापीला सहसा लागत नाही. तेव्हा एकाच डोहात मरळ व्रणांनी भरलेली आणि चिलापी स्वच्छ असेल तर संशय साथीवर, आणि सगळ्याच जातींच्या अंगावर व्रण असतील तर पाण्यावर. नक्की निदान व्रणाच्या कडेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच होतं. नांगरकृमी आणि मत्स्य-उवा हे अंगाला चिकटणारे परजीवी बाहेरूनच दिसतात. त्यांनी पाडलेली भोकंही व्रणासारखी वाटतात.

चिरफाडीआधी मासा कसा मारायचा?

लवंगेच्या तेलाने. एक भाग तेल नऊ भाग अल्कोहोलमध्ये नीट हलवून घ्या, तेल थेट पाण्यात टाकलं तर ते वर तरंगत राहतं. नुसती भूल द्यायची तर लिटरला अर्धा मिलि मिश्रण, मारायचं तर लिटरला ५ मिलि. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही दहा मिनिटं त्याच पाण्यात ठेवा. मरळ आणि मांगूर हवा घेत असल्याने त्यांना बराच जास्त वेळ लागतो, त्यांच्या बाबतीत शेवटी मेंदू छेदून खात्री करा. हे मासे कुणालाही खायला देऊ नका.

चिरफाडीचा क्रम काय?

आधी रक्त. गुदपराच्या मागे, पोटाकडच्या मधल्या रेषेतून हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावलेली सुई कण्याला टेकेपर्यंत घाला, किंचित मागे घ्या आणि हळूच ओढा. जोराने ओढलं तर पेशी फुटतात.

मग गुदद्वारापासून पुढे, कल्ल्यांपर्यंत कात्रीने कापा. टोक वर ठेवा, नाहीतर आतडं फुटतं. बाजूची भिंत उचलून काढा आणि काहीही हलवण्याआधी फोटो घ्या. यकृताचा रंग, प्लीहेचा आकार, मूत्रपिंडाची सूज, आतड्यावरची चरबी, परजीवी या क्रमाने नोंदवा. गुण आधी ठरवून ठेवा: निरोगी शून्य, मग दोष वाढेल तसे १०, २०, ३०. सगळ्या अवयवांची बेरीज माशामागे एक आकडा देते. गुण देणारी व्यक्ती एकच असावी, आणि तिला मासा कुठला ते माहीत नसावं. हे न पाळल्याने चांगले अभ्यास वाया गेलेले आहेत.

पित्ताशय जपा. ते फुटलं की हिरवं पित्त यकृतावर पसरतं आणि नमुना गेला. ते टपोरं, गडद भरलेलं असेल तर मासा उपाशी आहे असं समजा. चिलापीचं यकृत वेगळं काढून वजन करता येतं (यकृत ÷ शरीर × १००), पण रोहू-कटल्यात ते आतड्याच्या वेटोळ्यांत पसरलेलं असतं. तिथे तो हट्ट सोडा.

ऊतकांचे नमुने खराब का येतात?

उशीर, जाड तुकडे, कमी फॉर्मॅलिन. पुण्याच्या एप्रिलच्या उन्हात कल्ले आणि यकृत पंधरा मिनिटांत कुजायला लागतात, आणि कुजलेल्या ऊतकात दिसणारे बदल प्रदूषणाच्या इजेसारखेच दिसतात. फॉर्मॅलिन काठावरच न्या: एक लिटरला १०० मिलि तीव्र फॉर्मॅलिन, ९०० मिलि शुद्ध पाणी, ४ ग्रॅम मोनोसोडियम फॉस्फेट, ६.५ ग्रॅम डायसोडियम फॉस्फेट. तुकडा ५ मिमीपेक्षा जाड नको, द्राव त्याच्या निदान दसपट. बर्फात गोठवलेला तुकडा ऊतकतपासणीला चालत नाही. मेंदूतल्या कोलिनएस्टरेज या विकराची (कीटकनाशकांचा माग काढायला) तपासणी मात्र द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या तुकड्यावर होते, फॉर्मॅलिनमधल्या नाही. दोन्ही हवं असेल तर दोन वेगळे तुकडे.

रक्ताच्या स्लाइडवरून काय कळतं?

माशाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं. गुणसूत्रांना इजा झाली तर शेजारी छोटं सूक्ष्मकेंद्रक दिसतं. पातळ स्लाइड वाळवा, मिथेनॉलमध्ये दहा मिनिटं, मग १० टक्के गिम्सा रंगात २० ते ३० मिनिटं. माशामागे २००० पेशी मोजा. सूक्ष्मकेंद्रक मुख्य केंद्रकाच्या एक तृतीयांशापेक्षा लहान, त्याच रंगाचं आणि त्याला न चिकटलेलं असावं. फोकस हलवल्यावर चमकणारा ठिपका म्हणजे रंगाचा कण, तो मोजू नका.

अचानक मासे मरून तरंगायला लागले तर?

वेळ घालवू नका. अर्धा मीटर प्रतिसेकंद वेगाने वाहणारं पाणी तासाभरात १.८ किमी पुढे जातं आणि पुरावाही त्याबरोबर जातो.

आधी ऑक्सिजन, सामू, तापमान मोजा. मग पाणी भरा: कीटकनाशकांसाठी गडद काचेच्या बाटलीत, धातूंसाठी प्लॅस्टिकच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून, आणि तिसरी साधी. मासे मेले त्या जागेच्या वर, प्रवाह येतो त्या बाजूलाही तेच सगळं घ्या. मासे निवडायचे ते मरणपंथाला लागलेले, अजून कल्ले हलवणारे. डोळे पांढरे झालेला, फुगलेला मासा ऊतकतपासणीला उपयोगाचा नाही.

कारण ओळखायला मेलेल्यांची यादी मदत करते. पहाटे घटना, मोठे मासे आधी गेलेले, तोंड आणि झाकणं उघडी, आणि मरळ-मांगूर जिवंत: ऑक्सिजन संपला. वळवाच्या पहिल्या पावसात नाल्यांतला साचलेला गाळ एकदम पात्रात येतो तेव्हा हे घडतं. पण दिवसाढवळ्या, लहान मासे आधी, सोबत झिंगे आणि पाणकिडेही मेलेले आणि हवा घेणारी मरळसुद्धा उलटी पडलेली असेल, तर विषाचा संशय घ्या. फोटोत वेळ आणि ठिकाण येऊ द्या, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी लेखी कळवा.

या नदीतला मासा खाल्ला तर चालेल का?

शहरातल्या आणि त्याच्या लगेच खालच्या पट्ट्यातला खाऊ नये. जड धातू धुण्याने, तळण्याने किंवा शिजवण्याने जात नाहीत. तपासणी करून घेणार असाल तर कातडीशिवायचं मांस आणि यकृत वेगळं द्या, आणि अहवालात आकडा ओल्या वजनावर आहे की सुक्या, ते विचारा. मांसात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, त्यामुळे सुक्या वजनावरचा आकडा चार-पाच पट मोठा दिसतो. खाण्यासाठीची मर्यादा ओल्या वजनावर असते. या एका गोंधळातून खोटी घबराट आणि खोटा दिलासा दोन्ही पसरलेले आहेत.

स्वतःची काळजी?

लांब रबरी हातमोजे, गमबूट, धनुर्वाताची लस. हातापायावर जखम असेल तर पाण्यात उतरू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा आजार) धोका खरा आहे. शिंगाळ्याचे काटे हातमोज्यातूनही घुसतात, त्याला फडक्याने धरा. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्गाची सूचना असेल तर काम रद्द.

तपासून झालेले मासे परत सोडायचे का?

देशी मासे, पकडले तिथेच, भूल पूर्ण उतरल्यावर. आधी स्वच्छ नदीपाण्याच्या टबात मासा सरळ पोहतोय आणि कल्ले नियमित हलवतोय याची खात्री करा. महसीर सापडला तर लांबी, फोटो आणि एखादा खवला एवढंच घ्या आणि हाताळणी दोन मिनिटांत संपवा. आफ्रिकन मांगूर कधीही परत सोडू नका. त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातलेली आहे. एका ठिकाणचा मासा दुसऱ्या ठिकाणी सोडायचा नाही, आणि जाळी, बूट, टब पुढच्या ठिकाणी नेण्याआधी ब्लीचच्या पाण्यात धुऊन उन्हात कडक वाळवायचे.